हळदीच्या पट्ट्या आणि चार दिवस दाबून ठेवलेले पत्र

मी, लंकाबाई वैजनाथ निमसे, वय ७१, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार सोनई, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर (माझ्या सर्व दाखल्यांवर अहमदनगर आहे; बाई तीच), हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत गेले, त्यांनाच मध्ये थांबवावेसे वाटले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर मी तो मानला नसता, हे गावाला माहीत आहे.

कलम १. सोनईचे राहते घर मी माझ्या पगारातून बांधले असून ते माझ्या नावावर आहे. माझे यजमान वैजनाथ यांनी त्या कामी वाळू चाळली, त्याची नोंद इथे कृतज्ञतेने करते. ते आता नाहीत. माझ्यामागे घर माझा एकुलता मुलगा कल्याण व सून आरती यांच्या नावे निम्मे-निम्मे व्हावे. गच्चीवरची खोली मात्र एकट्या आरतीची. तिला आतून कडी बसवून घेतली आहे. कल्याणने ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी तिथे आणून टाकू नयेत. त्याला दुकान आहे.

कलम २. तीन सूक्ष्मदर्शक, काचसामानाची पत्र्याची पेटी, स्त्री वैज्ञानिकांची चौदा चित्रे आणि भिंगांचे दोन खोके, हे सर्व आरतीला. हे साहित्य म्हणजे काय, ते सांगणे भाग आहे.

एकोणीस वर्षे मी या जिल्ह्यात मुलींना व बायकांना विज्ञान दाखवत फिरले. ‘विज्ञानाचा कार्यक्रम’ म्हटले की घरची माणसे बायकांना पाठवत नसत. हळदीकुंकू म्हटले की कोणी अडवत नसे. म्हणून संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मी हळदीकुंकवांना जाऊ लागले. टीपकागदाच्या पट्ट्या हळदीत भिजवून वाळवायच्या. बाईने पट्टी सोड्याच्या पाण्यात बुडवली की लालभडक. लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. मग विचारायचे, का झाले असेल? वाण म्हणून प्रत्येकीला एक भिंग. आता मी विधवा, मला हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही असा पेच पहिल्या वर्षी बऱ्याच घरांना पडला. भिंगे माझ्या पिशवीत असल्याने तो सुटला.

या कामात बन्सीने स्वतःचा टेम्पो चालवला. त्याला काही देत नाही, कारण तो खाली साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मिळकत देता येत नाही असे वकील म्हणतात. बन्सीने वकिलांवर रागवावे.

कलम ३. काकासाहेब, आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव, यांना त्यांच्या ‘महिला व विज्ञान’ मेळाव्याची निमंत्रणपत्रिका चौकटीत बसवून द्यावी. तीवर अकरा पुरुषांची नावे आहेत. बारावे माझे, ‘आभार’ या शब्दापुढे. त्या दिवशी दोनशे मुली उन्हात बसल्या होत्या आणि काकासाहेबांनी सूक्ष्मदर्शकाचे उद्घाटन त्याच्या बैठकीवर नारळ फोडून केले. भिंगात पाणी गेले. ते भिंग मला पुण्याहून नवे आणावे लागले. माझा त्यांच्यावर राग नाही, पण चौकट दर्शनी भिंतीवर लावावी.

कलम ४. नात दिशा हिला माझे मंगळसूत्र, मोडून हवे ते करायला. ती पुण्यात कॉमर्स शिकते. तिला विज्ञानाची आवड नाही आणि तिला कोणी चौदा चित्रे दाखवू नयेत.

कलम ५. मला मिळालेला ‘स्त्री-विज्ञान’ पुरस्कार, ढालीसकट, आरतीला. पट्ट्यांची युक्ती तिची. चित्रांखालचा मजकूर तिचा. माझे प्रत्येक भाषण तिने तपासले. पुरस्काराच्या फोटोत ती नाही, कारण माझी पर्स धरून ती खाली उभी होती.

कलम ६. हे लिहायला मला सोपे जात नाही.

आरती रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे, पहिल्या वर्गात. २००९ साली एका संशोधन केंद्राने तिला मातीपरीक्षणाच्या नोकरीसाठी मुलाखतीला बोलावले. पत्र सोमवारी आले, माझ्या हातात. मुलाखत बुधवारी. आणि गुरुवारी माझा राहात्याला मोठा कार्यक्रम होता, मुलींनी शास्त्रज्ञ का व्हावे या विषयावर. दोनशे पट्ट्या वाळायच्या होत्या, घरी पाहुणे होते, दिशा तीन वर्षांची. मी पत्र सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यात ठेवले आणि शुक्रवारी तिला दिले. पोस्टमनने उशीर केला म्हणाले. ते पोस्टमन आता हयात नाहीत. त्यांची इथे माफी मागते. राहात्याचे भाषण चांगले झाले. टाळ्या पडल्या. मला त्याची आजही लाज वाटते.

कलम ७. सबब, माझ्या मृत्यूनंतर आरतीने पीएच.डी. करावी. वयाची अट नाही, मी दोन ठिकाणी विचारले आहे. माझी बँकेतली ठेव त्यासाठी. माझ्या तेराव्याचा स्वयंपाक तिने करू नये. आचारी लावावा.

पुरवणी. वरील मजकूर जानेवारीत लिहिला. सही आज करते आहे, कारण मध्ये पुढील प्रकार घडला.

हे कागद आरतीला दाखवू नका असे वकिलांनी मला दोनदा बजावले होते. परंतु तिने तपासल्याशिवाय मी आजवर एकही कागद बाहेर दिलेला नाही. सवयीने दिले. ती ओट्याशी उभी राहून वाचत होती. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. सहाव्या कलमाशी थांबली. मग म्हणाली, “आई, पाकिटावर आपल्या सोनईच्या पोस्टाचा शिक्का हुता. सोमवारचा. मी तवाच वाचला.”

मी विचारले, मग सतरा वर्षे बोलली का नाहीस?

“तुमी कवा सांगताय ते बघत हुते.”

मला रडू आले. तिने मला पाणी दिले, आणि सातवे कलम वाचून पेन खाली ठेवले. “ह्ये काय लिवलंय? म्हंजे मी शिकायला तुमच्या मरनाची वाट बघायची व्हय? लई वाईट दिसतं त्ये. लोक काय म्हनतील?”

मुद्दा बिनतोड होता. सबब कलम ७ मधील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द मी खोडले असून त्यावर सही केली आहे. अर्ज त्याच आठवड्यात भरला. कल्याणने विचारले, “मग भाकरी कोन करनार?” मी म्हणाले, तुझी आई, आणि तू शिकेपर्यंतच. तो सध्या पीठ मळण्यापर्यंत आला आहे.

आज आरतीची प्रवेशपरीक्षा आहे. ती सकाळच्या एसटीने नगरला गेली, म्हणून सहीच्या वेळी हजर नाही. तिला मी डबा दिला. त्यात मीठ घातले की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

एवढे लिहून, वाचून, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

लंकाबाई वैजनाथ निमसे

साक्षीदार:
१. बन्सी गंगाधर शिरसाठ, टेम्पोचालक, सोनई
२. ज्ञानेश्वरी भागवत येळवंडे, शेजारीण, सोनई

दिनांक: १५ फेब्रुवारी २०२६, रविवार
स्थळ: सोनई, राहत्या घराचे स्वयंपाकघर. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असल्याने मला बैठकीत येता आले नाही, साक्षीदारांना आत बोलवावे लागले.