डावा गुडघा आणि बाकीचे अडाणी

३ फेब्रुवारी, दुपार
गुडघ्याचा पट्टा आज सुटला. सहा आठवडे होता. वाटीचे दोन तुकडे झाले होते, ते हाडांच्या डॉक्टरांनी तारेने बांधले. बांधकाम ठीक, पण गुडघा वाकत नाही. तर म्हणे माझं काम झालं, आता फिजिओथेरपी करा. म्हणजे अर्धं काम दुसऱ्याच्या गळ्यात! बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. गाडी अर्धी वळवून ‘उरलेली समोरच्याकडून वळवून घ्या’ असं मी कधी विद्यार्थ्याला सांगितलं नाही.
आज वाकला ४० अंश. माझ्या सीटवर बसून पायाशी असलेला जादा ब्रेक आणि क्लच दाबायचा तर ९० लागतात. मार्चच्या मध्यापर्यंत झाले नाहीत तर भूल देऊन जबरदस्तीने वाकवणार, असा दम भरलाय.
भूल वगैरे दुबळ्यांसाठी. १ एप्रिलला मी माझ्या सीटवर. लिहून ठेवतोय.

४ फेब्रुवारी
फिजिओचा हॉल पाहिला. निळ्या रेक्झिनच्या खाटा, भिंतभर आरसा, रबरी पट्टे. मधोमध लाकडाच्या तीन पायऱ्या. तीन चढायच्या, तीन उतरायच्या, पलीकडे काही नाही. एक चांगला टक्कल पडलेला गृहस्थ मऊ चेंडू दाबत बसला होता. लाज कशी वाटत नाही?
फिजिओबाई पंचविशीच्या. मला ‘काका’ म्हणतात. मी ‘सर’ आहे.
घरी करायच्या व्यायामांचा तक्ता मिळाला. चार प्रकार, प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा. केले की खूण करायची. दहा हा आकडा सामान्यांसाठी. मी वीस करणार. उद्यापासून.

५ फेब्रुवारी, सकाळी ७
पहिला प्रकार: पलंगावर आडवं व्हायचं, पावलात टॉवेल अडकवायचा, टाच आपल्याकडे ओढायची. दोनदा ओढली. ब्रह्मांड आठवलं. इतकं दुखतं त्या अर्थी पद्धत चुकतेय. आधी दुसऱ्याचं बघावं म्हणून हिला आडवं व्हायला सांगितलं. ही म्हणाली, अहो, माझाच गुडघा दुखतो. सात वर्षं तेच ऐकतोय. बायकांचे गुडघे बोलण्याच्या ओघात दुखतात. म्हटलं, तुझ्यासाठी नको, माझ्यासाठी वाकव.
हिने दहा केले. सहाव्याला टाच तिरकी गेली, ती मी खुर्चीवरून सुधारली. व्यायाम झाला. खूण केली.

९ फेब्रुवारी
घडी बसली. सकाळ, दुपार, संध्याकाळ ही पलंगावर, मी खुर्चीत तक्ता घेऊन. आधी निरीक्षण, मग कृती. विद्यार्थ्यांनाही मी तीन दिवस स्टिअरिंगला हात लावू देत नाही.

१२ फेब्रुवारी
मेहुणा आला होता. मी बरा होईपर्यंत स्कूल तो बघतोय. ‘भावोजी, तुम्ही अगदी निवांत बरे व्हा.’ निवांत! आयत्या बिळावर नागोबा.
विद्यार्थ्यांवर ओरडत नाही म्हणे. मग ते शिकणार कसे? माझ्या हाताखाली मिशीवाले रडलेत. म्हणाला, या खेपेला पाचातले चार टेस्ट पास झाले. हल्ली टेस्ट सोपी केलेली दिसते.
ही त्याला चहा देऊन हसत होती. भाऊ आला की हिला हसू फुटतं.

१७ फेब्रुवारी
५२ अंश. तक्ता खुणांनी गच्च भरलेला. फिजिओबाईंनी तो दोनदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. विचारलं, काका, रोज करता ना? मी तक्त्याकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, दुखेल, पण तेवढं सोसावंच लागेल. सोसण्याबद्दल मला सांगतात! समोरून ट्रक येताना शेजारी नवशिका घेऊन बसलोय मी.

२४ फेब्रुवारी
भाजीच्या दोन पिशव्या घेऊन ही दोन मजले चढून आली. मध्ये कुठे थांबली नाही. एरवी पहिल्या मजल्यावर कठडा धरून पाच मिनिटं. म्हटलं, एवढी कसली घाई? म्हणाली, अहो, मला कळलंच नाही.
आजारी माणसासमोर तोरा मिरवू नये, एवढंही काही लोकांना समजत नाही.

२ मार्च
५५. तेरा दिवसांत फक्त तीन अंश. शांतपणे विचार केल्यावर उलगडा झाला. मोजायचं यंत्र बिघडलंय. यंत्र कसलं, प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आणि एक स्क्रू. पोरांच्या कंपासपेटीत याहून बरं सामान असतं. आणि यावर माझं एप्रिलचं ठरणार!

५ मार्च, संध्याकाळ
यंत्राची परीक्षा घेण्यासाठी हिला हॉलमध्ये नेलं. सगळ्यांसमोर म्हटलं, बाई, हा सात वर्षं न वाकलेला गुडघा. मोजा.
फिजिओबाईंनी मोजला. १२५.
मी टाळी वाजवली. झालं सिद्ध! यंत्र खोटं! चेंडूवाल्या टकल्यालाही मी तेच सांगितलं.
फिजिओबाईंनी हिला विचारलं, काकू, तुम्ही काय करता? ही भोळेपणाने म्हणाली, काही नाही हो, यांचे व्यायाम करते. दिवसातून तीनदा. हे मोजतात.
हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. टकल्याच्या हातून चेंडू पडला.
बाई ओरडल्या नाहीत. मी असतो तर ओरडलो असतो. त्यांनी तक्ता घेतला, उलटा केला आणि मागे लिहिलं: ‘रुग्णाने स्वतः केलेले नाहीत.’ अक्षर गिचमिड.
येताना रिक्षात हिला झापलं. घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगायच्या असतात का? ही रस्त्याकडे तोंड करून बसली. खांदे हलत होते. रडत असावी. असू दे.

६ मार्च
आता बघाच. उद्यापासून रोज शंभर. एकट्याने. दार लावून.

७ मार्च
चार.

८ मार्च
गुडघा सुजला. सूज म्हणजे शरीर विश्रांती मागतंय. शरीराचं ऐकावं.

१३ मार्च
सूज उतरलेली वाटते. पण खात्री नाही. घाईने नुकसान होतं.

१६ मार्च
५८. हाडांच्या डॉक्टरांनी मोजला, म्हणजे यंत्र दुसरं होतं. २५ तारखेला भूल. मी म्हटलं, आणखी आठ दिवस द्या. म्हणाले, दिले होते की सहा आठवडे.
या लोकांना माणसाशी कसं बोलावं याचं शिक्षण देत नाहीत.

१८ मार्च
ही रोज सकाळी दहाला बाहेर जाते, अकराला येते. विचारलं तर ‘जरा जाऊन येते’. आज खिडकीतून पाहिलं. खाली माझी गाडी. वर ‘L’ची पाटी. मेहुणा माझ्या सीटवर आणि स्टिअरिंगवर ही!
आल्यावर जाब विचारला. बावीस वर्षं घरात शिकवणारा असताना मला का नाही विचारलंस? म्हणाली, लग्नानंतर दोनदा विचारलं, गेल्या दिवाळीत तिसऱ्यांदा. तुम्ही म्हणालात, तुझ्या गुडघ्याने क्लच दाबला जायचा नाही.
म्हणालो असेन. तेव्हा ते बरोबर होतं.

२५ मार्च, सकाळी ६
रिक्षा मिळेना. मेहुणा गाडी घेऊन आला. पुढच्या सीटवर माझा पाय मावला नाही, मागे आडवं करून घातलं. पुढे मेहुणा माझ्या जागी. गाडी हिने चालवली.
कोपऱ्यावर मी ‘ब्रेक!’ ओरडलो. दोघांपैकी कोणीही दाबला नाही. गरज नव्हती म्हणे. गाडी एकदाही बंद पडली नाही. गिअर कधी बदलला ते समजलं नाही. मी शिकवलेल्यांचा समजतो.
हे वॉर्डात लिहितोय. न्यायला येतील आता. दुसरं पांघरूण मागवलं. ए.सी. फार आहे.

२५ मार्च, संध्याकाळ
१०० अंश वाकवला. मी झोपेत होतो, म्हणून जमलं. डॉक्टर म्हणतात, हे टिकवायचं तर आजपासूनच रोज स्वतः वाकवायचा, नाही तर पुन्हा आखडेल. तेव्हा आमच्या हाती काही नाही. फिजिओबाई नवा तक्ता घेऊन आल्या. मी हात पुढे केला. त्यांनी तक्ता हिला दिला.

१ एप्रिल, सकाळी १०
घरात कोणी नाही. ही क्लासला. खाली माझ्या गाडीचा हॉर्न वाजला, एकदाच, लहानसा. मेहुणा निघताना एवढाच वाजवतो. या आठवड्यात नवे सहा विद्यार्थी आलेत. सरांची चौकशी कोणी केली का, असं काल त्याला सहज विचारलं. म्हणाला, भावोजी, ते तुम्हाला ओळखत नाहीत.
वाईट वाटलं. लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.
पलंगावर आडवा झालो. पावलात टॉवेल अडकवला. एक. फार दुखतं. दोन. हे आधी कोणी नीट सांगितलं नाही. तीन. डोळ्यांत पाणी आलं, पण बघायला कोणी नव्हतं.
तीन झाले. तक्त्यात दहा लिहिले.
मग खोडून चार केले.