जागा चुकली की रीडिंग चुकतं

१ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.

डॉ. दीपाबाईंच्या दवाखान्यातून आलो. डोकं सणकलंय. शुगर म्हणे वाढलीय. किती, ते इथे लिहीत नाही. चुकीचे आकडे लॉगबुकात चढवायची मला सवय नाही.

बाई म्हणाल्या, अंकुशराव, दंडाला एक सेन्सर लावा, दिवसरात्र शुगर मोबाईलवर दाखवेल. पंधरा दिवसांत सुधारणा दिसली नाही तर इन्सुलिन. दिवसातून दोनदा सुई, पोटात. मला घाम फुटला. दवाखान्याचा एसी बंद असावा.

आणि सेन्सर कुठे लावायचा हे मला शिकवताहेत! चोवीस वर्षं तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट सांभाळतोय. कुठल्या रिअ‍ॅक्टरला टेंपरेचरचा सेन्सर कुठे बसवायचा हे मी झोपेत सांगेन. जागा चुकली की रीडिंग चुकतं, हे माझं वाक्य प्लांटमधल्या पोराटोरांना पाठ आहे.

निर्धार: उद्यापासून साखर बंद. पहाटे साडेपाचला चालणे. सुई घेणार नाही म्हणजे नाही.

२ मार्च, रविवार. सकाळी ९.

चालणं झालं नाही. सरावलीच्या रस्त्यावर पहाटे कुत्री असतात. (साडेपाचला मी झोपलेलो असल्यामुळे प्रत्यक्ष पाहिली नाहीत, पण असतात.) बायको, अर्चना, रोज जाते, तिला ओळखतात.

तिने दुधीचा रस दिला. हिरवा. वर फेस. आमच्या कंपनीमागच्या नाल्याला पावसाळ्यात असाच फेस येतो. शी! नाक दाबून अर्धा प्यायलो, उरलेला कुंडीत ओतला. बघू तुळस किती दिवस काढते.

अर्चना मात्र फ्रिजमधली अख्खी बाटली उभ्याउभ्या गटागटा प्यायली. घरात गार पाणी म्हणून उरत नाही हल्ली. मार्चमध्येच ही तऱ्हा, मेमध्ये काय टँकर मागवायचा?

४ मार्च, मंगळवार. रात्री ८.

भावनाने पुण्याहून चार सेन्सरचा खोका पाठवला. मुलगी मायेची आहे, पण माया दाखवायला बापाला हेच सापडलं.

रुपयाएवढी पांढरी चकती. आत केसाएवढी तार. माहितीपत्रकात लिहिलंय, दंडाच्या मागच्या बाजूला लावा. कोणी शहाण्याने लिहिलं? दंड सतत हलतो. हलत्या पाइपला आम्ही सेन्सर लावत नाही. शिवाय मी हाफ शर्ट घालतो, उद्या सगळी कंपनी बघणार. पण अर्चना बाह्या सरसावून उभी. म्हटलं लाव बाई.

टक् आवाज झाला. दुखलं नाही. ओरडलो ते तिचा हात हलू नये म्हणून.

तासाभराने मोबाईलवर आकडा आला, २७४. अर्चनाचा चेहरा पडला. मी समजावलं, इन्स्ट्रुमेंट नवीन आहे, स्थिर व्हायला वेळ लागतो.

५ मार्च, बुधवार.

२८१. अजून स्थिर होतंय.

एकनाथने पाहिलंच. आमचा पॅनल ऑपरेटर, कुंभवलीचा. म्हणाला, साहेब, तुमाला बी मीटर लागला? आता तुमचा बी अलार्म वाजनार. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कँटीनने औषधं सांगितली. कारलं, मेथी, जांभळाच्या बिया, कडुनिंब. एकाने तर गोमूत्र सांगितलं, आणि तेही माझ्या ताटात वाकून. ताट तसंच ठेवलं. गोड शिरा तेवढा संपवला, अन्न टाकू नये.

एकनाथ काय अलार्म सांगतो मला? रिअ‍ॅक्टर तापला की हाच फोन करतो, साहेब, तुमचा सेन्सर खराब हाय. मी दरवेळी ऐकवतो, सेन्सर खोटं बोलत नाही, तुझा रिअ‍ॅक्टर तापलाय. चोवीस वर्षांत एकदाही मी खोटा पडलो नाही.

माझं प्रकरण वेगळं आहे. इथे खरोखरच सेन्सर खराब आहे.

७ मार्च, शुक्रवार. साप्ताहिक सुट्टी. संध्याकाळी ६.

मोठा शोध!

दुपारी जेवून डाव्या कुशीवर आडवा झालो. गाढ झोपेत असताना कोणीतरी जबडा उघडून तोंडात काहीतरी ओततंय असं वाटलं. डोळे उघडले तर अर्चना. हातात साखरेच्या पाण्याचा तांब्या, डोळ्यांत पाणी. मोबाईल बोंबलत होता. शुगर ५८! ती समजली मी चाललो. पाव तांब्या पोटात, पाऊण गंजीफ्रॉकवर. अंगभर चिकचिकाट, आणि त्यावर लगेच दोन माश्या. किळस आली स्वतःची.

मग भावनाला फोन. ती म्हणाली, बाबा, सेन्सर अंगाखाली दाबला गेला की आकडा खोटाच खाली दाखवतो. खोटा? मुळीच नाही. शांत झोपलोय, कोणी पिडत नाही, कोणी दुधी पाजत नाही, तेव्हा माझी शुगर ५८. हीच खरी शुगर. बाकीची या लोकांनी वाढवलेली.

(साखरपाण्यानंतर ३३१ आली. ती अर्चनाच्या खात्यात.)

८ मार्च, शनिवार.

दिवसभर दंड पॅनलच्या कपाटाला दाबून उभा राहिलो. ११२! मग १०४! असंच चाललं तर बाईंना माफी मागावी लागेल.

दुपारी हात इतका बधिर झाला की चहाचा ग्लास सुटला, सगळा एकनाथच्या बुटावर. त्याला वाटलं मला लकवा मारला. त्याने आरडाओरडा करून माणसं गोळा केली, मला आडवं केलं, आणि कोणीतरी नाकाला कांदा लावला. कांदा कुजका होता.

१० मार्च, सोमवार.

बोईसर स्टेशनहून शेअर रिक्षाने घरी. मागे तिघांच्या जागी चौघं कोंबलेले. उतरल्यावर पाहतो तर दंड मोकळा. शेजारच्या घामट माणसाच्या पाठीला माझा सेन्सर चिकटून चालला होता. मी हाका मारल्या नाहीत. त्या सदऱ्यावरून सोडवून तो परत अंगाला लावायचा? वॅक्! गेला तो गेला.

आता जागा मी निवडणार. पोट! विचार पक्का आहे. पोट म्हणजे कच्च्या मालाची टाकी. तिथे शुगर जास्त दिसणारच, ती अजून प्रोसेस व्हायचीय. म्हणजे जो आकडा येईल त्यातून निदान शंभर वजा करायचे.

केस काढायला वस्तरा घेऊन आरशासमोर उभा राहिलो. इतक्या वर्षांत पोट असं समोरून, उजेडात पाहिलं नव्हतं. त्यात मधोमध तळहाताएवढा बोडका गोल. आरसा भिंतीकडे वळवून ठेवला.

रीडिंग २६९. वजा शंभर, १६९. वजा रिक्षाचा मनस्ताप, १४०. उत्तम.

१२ मार्च, बुधवार.

कंपनीच्या गेटवर जमुना चिकू घेऊन बसते, डोंगराकडच्या गावातून येते. सहज म्हणून थांबलो. तिला विचारलं, साखर किती असेल गं यात? ती म्हणाली, साखर कुठं हाय त्यात साहेब, झाडाचा हाय तो. बघा! शाळा न शिकलेल्या बाईला कळतं. चार तिथेच खाल्ले. एक डझन घरी.

पोटावरचा आकडा ३०९. टाकी भरल्यावर लेव्हल वाढणारच.

संध्याकाळी अर्चना टीव्हीसमोर बसल्या बसल्या पेंगली. सातला! चालून चालून कोणाचं भलं झालंय? वर मला दाखवते, ब्लाउज सैल झाले, दंडात शिवून घ्यावे लागले. म्हणजे मला टोमणा. पायांना मुंग्या येतात असंही म्हणाली. मी म्हटलं, बूट बदल.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.

सकाळीच पोटावरचा सेन्सर काढून टाकला. रंगाने खराब झाला असता. इन्स्ट्रुमेंट जपणं ही माझी जबाबदारी.

त्यानंतर मग पुरणपोळी खाल्ली. कालच्या होळीची. अर्चनाने मोजून अर्धी दिली, तीही बिनतुपाची. दुपारी ती झोपल्यावर डबा शोधला. रव्याच्या डब्यामागे होता. रिकामा! काल रात्री सात पोळ्या होत्या. विचारलं तर म्हणाली, वाटून टाकल्या. कोणाला, तर उठून कपडे वाळत घालायला गेली.

गेलं वर्षभर हेच. दिवाळीत सप्लायरनी दिलेले पेढे, काजूकतली, सोनपापडीचे पाच डबे, आठवड्यात गायब. माझ्या नावाने येतं आणि शेजारी खातात. माझ्याच घरात मला चोरासारखं डबे हुंगत फिरावं लागतं. संताप आला.

१५ मार्च, शनिवार. रात्री ९.

उद्या पंधरा दिवस भरतात. सोमवारी दवाखाना. दंड म्हणतो २७०, पोट म्हणतं २७०. प्लांटमध्ये आमचा नियम आहे. एक सेन्सर चुकू शकतो, तीन लावायचे आणि दोघं म्हणतील ते खरं धरायचं. दोन माझ्याविरुद्ध गेले. झोप उडालीय. ती सुई दिसते.

पण आमचा दुसराही नियम आहे. इन्स्ट्रुमेंटचा संशय आला की ते चांगल्या लाइनवर लावून बघायचं, जिथलं रीडिंग आधीच माहीत आहे तिथे. आमच्या घरात चांगली लाइन एकच. अर्चना. रोज पाच किलोमीटर चालते, ज्वारीची भाकरी खाते, बाळंतपणानंतर दवाखान्याची पायरी चढलेली नाही. तिच्या दंडाला सेन्सर लावायचा. तिचीही शुगर अडीचशे दाखवली, की खोकाच खराब! सिद्ध!

हे मला पहिल्या दिवशी कसं सुचलं नाही?

१६ मार्च, रविवार. कंपनीत रजा टाकली. दुपारी १२.

अर्चना नको नको म्हणत होती. माझं इन्सुलिन टळेल म्हटल्यावर तयार झाली. मीच लावला. दंडाच्या मागे. हूं की चूं केलं नाही.

दुपारी १२.५०.

२५८!

जिंकलो! सगळा खोका भंगार! भावनाला फोन करून सांगितलं, कंपनीवर तक्रार टाक. ती म्हणाली, आईला फोन दे. पोरीला बापाचं कौतुक म्हणून नाही. उरलेले चिकू खाल्ले.

१७ मार्च, सोमवार. रात्री.

अर्चनाला पुरावा म्हणून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंसमोर तिचा दंड धरून मी दहा मिनिटं भाषण केलं. चांगली लाइन, खराब इन्स्ट्रुमेंट, सगळं समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग अर्चनाचं बोट धरलं, टोचलं, रक्ताचा थेंब त्यांच्या मशीनवर घेतला.

२६६.

मी म्हटलं, हे मशीनही खराब आहे. बाईंनी स्वतःचं बोट टोचून दाखवलं. ९८.

मग त्यांनी अर्चनाला विचारलं, तहान फार लागते का? थकवा? वजन उतरलं? पायाला मुंग्या? ती प्रत्येकाला मान हलवत होती, माझ्याकडे न बघता. किती दिवसांपासून, तर म्हणाली, वर्ष होत आलं. आधी का नाही आलात, तर म्हणाली, आधी ह्यांचं निस्तरू दे म्हटलं.

मला इन्सुलिन. तिला गोळ्या, आणि उद्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या. डोळ्यांचीसुद्धा.

घरी आल्यावर मी तिच्यावरच ओरडलो. तू तर गोड खात नाहीस! ती गॅसपाशी उभी होती. म्हणाली, खाते ना. तुमच्या नावाने आलेलं सगळं खाते. घरात राहिलं तर तुम्ही शोधून काढता. टाकवत नाही, आणि शेजारी कितींदा घेतील? मग रात्री उभ्याउभ्या संपवते. होळीच्या सातही.

मी बाहेरच्या खोलीत येऊन ही वही उघडली. २ तारखेला अख्खी बाटली पाणी. १२ ला पेंग, सैल ब्लाउज, मुंग्या. १४ ला पोळ्या. सगळं लिहिलंय, माझ्याच अक्षरात. असं लॉगबुक एकनाथने भरलं असतं आणि वाचलं नसतं, तर मी त्याला गेटबाहेर काढला असता.

शी. दुसरं काही लिहवत नाही.

१८ मार्च, मंगळवार. रात्री ९.

पहिली सुई अर्चनाने दिली. मी डोळे मिटले होते.

निर्धार: उद्यापासून पहाटे साडेपाचला दोघांनी चालायला जायचं. तिला एकटीला सोडणार नाही. कुत्री असोत नाहीतर वाघ असो. मिठाई कंपनीच्या गेटवरच वाटून टाकायची. ह्या वेळी वहीत लिहून नाही, शपथ घेऊन सांगतो. बूट दाराशी काढून ठेवलेत. गजर लावलाय.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ८.४०.

आत्ता उठलो.

अर्चना एकटीच जाऊन आली. मला तीनदा हलवलं म्हणे, मी तीनदा दोन मिनिटं म्हणालो.

दंडाला काहीतरी टोचल्यासारखं वाटलं म्हणून हात लावला. मागच्या बाजूला सेन्सर. खोक्यातला शेवटचा. मी घोरत असताना तिने लावला आणि मला कळलंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी सांगितली होती, त्याच जागेवर.

२६३.

जागेबद्दल तक्रार नाही.