मजीदभाईंचा कापलेला आवाज

११ नोव्हेंबर

ठरलं! आमचं रेडिओ केंद्र तीस तारखेला बंद. केंद्रप्रमुख विश्वजीत सरांनी दोन वाक्यांत उरकलं — संस्थेला झेपत नाही, परवाना पुढं न्यायचा नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, शेवटच्या दिवशी केंद्राच्या इतिहासावर अर्धा तास करा. म्हणजे शोकसभेचं भाषणही मीच करायचं! मग सगळ्यांनी चहा घेतला.

१३ नोव्हेंबर

इतिहास म्हणजे काय, तर गुलमंडीत कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून मजीदभाईंनी दाराला जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. पहिल्या दिवसापासून रेकॉर्डिंग त्यांचं, मुलाखती आणि काटछाट माझी. ऑगस्टमध्ये गेले — झोपेतच. अजूनही माईकसमोर बसले की मी काचेकडे बघून हात वर करते. पलीकडे कुणी नसतं.

१५ नोव्हेंबर

मजीदभाईंच्या घरी, हसीनाभाभींकडे जाऊन आले. इद्दत चालू आहे, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस; त्या घराबाहेर पडत नाहीत. किती वाळल्यात! मुलगी सुमय्या म्हणाली, अम्मी दोन घास खाते आणि उठते. "जेवली" म्हणून सांगते, ते खोटं असतं.

केंद्र बंद होतंय म्हटल्यावर भाभी जवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “ताई, सारे शहर का आवाज भरके रखे उनो. आमच्याकडं त्यांचा एक बी नाय. मशिनी जायच्या आधी बघता का, कुठं असला तर?”

खरंच नाही! साधा बटनांचा फोन वापरायचे. लग्नाच्या व्हिडिओवर नुसती गाणी चढवलेली. आणि आपला आवाज घोगरा म्हणून माईकसमोर कधी बसलेच नाहीत. मी मोठ्या तोऱ्यात सांगून आले — शोधून देते.

१९ नोव्हेंबर

काही नाही.

सगळा साठा पालथा घातला. प्रत्येक पाहुण्याच्या आवाजाची पातळी बघायला मजीदभाई एकच विचारायचे — आज काय खाल्लं? माणूस भाजी-भाकरीचं सांगायला लागला की त्याची भीती जायची. तेवढा भाग मी कापायचे. कामच होतं ते. आणि जागा नाही म्हणून मूळ रेकॉर्डिंग आम्ही पुसून टाकायचो. आज एकेका मुलाखतीची सुरुवात ऐकली. पाहुणा थेट मुद्द्यावर. किती सफाईनं कापलंय मी! तिथंच रडू आलं.

२२ नोव्हेंबर

इतिहासात फजितीचा भाग लिहायला घेतला आणि आठवलं — वच्छलाबाई! त्यांची सांडग्यांवरची मुलाखत मी घाईत न कापताच लावली होती, मजीदभाईंच्या प्रश्नासकट. सर केवढे उखडले होते माझ्यावर! पण लोकांनी दिवसभर फोन करून काय खाल्लं ते सांगितलं. कुणी पिठलं, कुणी शेंगदाण्याची चटणी, एकानं तर रात्रीची उरलेली बिर्याणी. मजीदभाई लाजून खोलीबाहेर येईनात.

ती फाइल सरांनी तेव्हाच दुरुस्त करून घेतली होती. आमच्याकडे नाही. पण बाईंच्या घरी कुणी ऐकताना भरून घेतली असली तर? उद्या रविवार आहे. जाते.

२३ नोव्हेंबर

मिळाला!

गारखेड्यात वच्छलाबाईंचं घर सापडायला वेळ लागला. त्यांना आता दिसत नाही, पण मला आवाजावरून ओळखलं. आजी बोलणार म्हणून नात तनुजानं तेव्हा रेडिओजवळ मोबाइल धरला होता. “पुसू दिलं नाय म्या,” बाई म्हणाल्या. “तेवढंच तर हाय माझं.”

तनुजानं लावलं. कुणाची तरी खुर्ची सरकली. खोकला. मग — “मावशी, घाबरू नका. आज काय खाल्लं, ते सांगा.” मी दाराशी खालीच बसले. पुढं कुकरची शिट्टी आणि सांडगे. मी काही ऐकलं नाही.

२४ नोव्हेंबर

भाभींना ऐकवलं. एकदाच. ओढणी तोंडावर घेतली आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. सुमय्याच्या फोनवर पाठवून मी परत आले. रिक्षात सारखं वाटत होतं — उगाच गेले. बरी होत आलेली जखम ओरबाडली.

३० नोव्हेंबर

संपलं. अर्ध्या तासाच्या शेवटी मजीदभाईंचा प्रश्न ठेवला. सरांना विचारलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग मी बटन दाबलं आणि सगळं गप्प झालं.

केंद्राचा फोन कालच काढून नेलाय. कुणी उत्तर द्यायला फोन लावला असेल, तर तो कुणापर्यंत पोचला नाही.

१ डिसेंबर

सुमय्याचा फोन. अम्मी आता दोन्ही वेळेला ताट पूर्ण संपवते. मग अब्बांचा आवाज लावते आणि काय खाल्लं ते सांगते. आधी जेवण, मग आवाज. असं का, म्हणून सुमय्यानं विचारलं. अम्मी म्हणाली, “त्यांनी विचारल्यावर खोटं कसं सांगू?”