फिल्टरवरचं कुंकू

प्रिय समीक्षा,

हे पत्र तुझी मैत्रीण करिष्मा तुझ्या हातातच देईल. फोनवर बोलण्यात अर्थ नाही. तुझा फोन स्पीकरवर असतो, ते तुझ्या सासूबाईंच्या खोकल्यावरून कळतं मला.

लॅबमध्ये अजून ओल आहे. गॅस डिटेक्टरच्या फिल्टरवर, म्हणजे सेन्सरच्या तोंडावरच्या त्या पांढऱ्या चकतीवर, पाणी धरतं. म्हणून आल्या आल्या आधी चकत्या टिपतो, मग चहा. तुझ्या जागी आलेला विकास म्हणतो, "भाऊ, स्क्रीनवर शून्य आहे की! रोज काय तपासायचं?" म्हटलं, अरे शहाण्या, हवा चांगली असली तरी शून्य आणि सेन्सर मेला असला तरी शून्यच. म्हणून तर त्याला मुद्दाम जरासा टेस्ट गॅस द्यायचा. ओरडला तर जिवंत. तुला हे एकदाच सांगावं लागलं होतं. मला तर तेही कुणी सांगितलं नाही. दहावीच्या इंग्रजीवर, डिक्शनरी उशाशी घेऊन मॅन्युअल वाचलं मी.

तुझी आई म्हणते, पोरीची काही तक्रार नाही, तुम्हीच उगाच घरात येरझाऱ्या घालता. पण तू आणि तक्रार नाही? आमटीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचीस. आता नोकरी का सोडलीस विचारलं, तर "ठीक आहे, आबा." दिवाळीला येतेस का, तर "बघू, आबा."

ती खंडेनवमी आठवते? लॅबमध्ये उपकरणांची पूजा चालली होती आणि मी डिटेक्टरच्या ऐन फिल्टरवर कुंकवाचं बोट टेकवलं. तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "आबा, त्याचं नाकच बुजवलंत! आता वास कशानं घेणार तो, कपाळानं?" सगळी लॅब हसली. मी रागावून तुझ्याशी बोलायचा बंद झालो, पण चकती त्याच दिवशी बदलली. तेव्हापासून कुंकू मागच्या कव्हरवर, तेही कोपऱ्यात.

यंदाच्या खंडेनवमीला फोनवर तुला सांगितलं ना, की कुंकू पुन्हा फिल्टरवरच लावलं, चांगलं ठसठशीत? ते खोटं होतं. तू ओरडावंस म्हणून बोललो. आणि तू म्हणालीस, "बरं केलंत, आबा." तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. रविवारी देहूरोडला येतोय. निलेशराव जावई असले तरी त्यांच्याशी काय बोलायचं ते माझं मी बघेन. तू बॅग भरली असशील तर उचलेन आणि तुला घेऊन येईन. नसशील भरली, तर चहा पिऊन एकटा परतेन. पण त्याआधी एकदा माझ्याशी कडाडून भांड. त्याशिवाय मी दारातून हलणार नाही.

फिल्टर स्वच्छ ठेवून बसलेला,
तुझाच
आबा