बरी झाल्याचा फ्लेक्स

ती. सौ. वहिनींना,

विचुंब्याहून धाकट्या जावेचा, म्हणजे वेणूचा, वाकून नमस्कार (वाकता येतं अजून). तुमचे गुडघे काय म्हणतात? बळीराम भावोजी अजून चोरून गूळ खातात का? कामोठ्याचा फ्लॅट मानवला का तुम्हाला, की अजून गॅलरीत उभं राहून अंगण शोधता? रिक्षानं येण्याइतक्या जवळ राहून ही बाई पत्र काय लिहिते, असं वाटेल. पण तुमच्या घरी फोन कायम स्पीकरवर. मी तुम्हाला हाक मारली की भावोजी, निकेश आणि निकेशची बायको तिघं मिळून 'बोला काकी' म्हणतात, आणि मग मी पावसापाण्याचं बोलून फोन ठेवते. शिवाय आपण दोघी बोलत नाही, हेही आहेच. पापड लाटताना तुम्ही बायकांसमोर म्हणालात, 'पापडाचं दिस आलं का हिचा पाय निजतो, नाटक हाय नुस्तं,' आणि मी लाटणं टाकून उठले, तेव्हापासून. (उठताना पडले होते. तेही तुम्ही नाटकातच धरलंत.)

तर हकिगत अशी. माझं दुखणं तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे, पण ते आहे काय हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. निकेशच्या लग्नानंतर डावा पाय बधिर झाला, मग एका डोळ्यापुढं धुकं आलं, आणि दोन-तीन महिन्यांत दोन्ही आपोआप गेलं. वाशीचे डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या वायरींवरचं वेष्टण झिजत असावं. आमचे हे वायरमन, त्यांना ते लगेच पटलं, त्यांनी विचारलं, 'कंची वायर ते सांगा.' दुसरे म्हणाले जीवनसत्त्व कमी आहे. तिसऱ्यांनी घरात सासुरवास आहे का विचारलं (मी तुमचं नाव घेतलं नाही, देवाशपथ). चौथे म्हणाले, नाव द्यायची घाई नको, थांबू आणि बघू. तेव्हापासून आम्ही थांबलोय आणि बघतोय. बंद पडलेल्या एसटीचीसुद्धा माणूस इतकी वाट बघत नाही.

मधली वर्षं चांगली गेली की ते आणखी अवघड होतं, वहिनी. आजारी असले की निदान आजारी असते. बरी असले की लोक विचारतात, 'तुला तं कायतरी झालं होतं ना?' आणि मला चोरी केल्यासारखं वाटतं. वर्षानुवर्षं मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी पायाची बोटं हलवून बघितली आहेत. हलली की उठायचं, चहा टाकायचा, आणि कुणाला काही सांगायचं नाही. दुसऱ्या खेपेला डावा हात गेला तेव्हा मनस्वी पुण्याची नोकरी सोडून माझ्या उशाशी येऊन बसली. मी चार महिन्यांत ठणठणीत झाले, पोरीची नोकरी मात्र गेली ती गेली. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता यंदाची गंमत. परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, 'मेंदूच्या फोटोत नवीन काही दिसत नाही.' ह्यांनी त्यातलं 'नवीन' गाळलं, 'फोटोत' गाळलं, आणि घरी येईपर्यंत मी साफ बरी झाले होते. दुसऱ्या दिवशी गावच्या नाक्यावर फ्लेक्स. 'दुर्धर आजाराला धूळ चारणाऱ्या सौ. वेणूताई भगवान भोईर यांचे हार्दिक अभिनंदन.' फोटो निकेशच्या हळदीतला, ओठ लालभडक, आणि शेजारी डरकाळी फोडणारा वाघ, कारण छापणाऱ्याकडे तो तयार होता. खाली शुभेच्छुकांची मुंडकी, त्यात आपले भावोजीही गॉगल लावून. मासळीवालीनं मला विचारलं, 'ताई, पंचायतीला उभ्या हाव का?' शेजारची हेतल सांगत फिरते की तिच्या काढ्यानं गुण आला, आणि अंगारा देणारे कमळाकरबुवा तिच्याशी बोलत नाहीत.

मग ह्यांना त्या फ्लेक्सखाली माझा फोटो काढायचा होता. गेले. भर उन्हात, वाघाखाली, हसून उभी राहिले. हे म्हणाले, 'अगं, तुझी डावी चप्पल कुठं हाय?' ती मागं रस्त्यात पडली होती आणि मला पत्ता नव्हता. डांबर तापलेलं, पण डाव्या तळव्याला काहीच कळत नव्हतं. मी म्हटलं, पट्टा सैल झालाय. संध्याकाळी त्यांनी पनवेलहून नवी जोडी आणली, घट्ट पट्ट्यांची, आणि स्वतःच्या हातानं माझ्या पायात घातली. मला रडू आलं. त्यांना वाटलं, चपला आवडल्या.

डॉक्टरांना मी एकटीच जाऊन भेटले. ते म्हणतात, तेच परत आलं असेल, नसेलही. सलाईन लावू, फोटो काढू. मनस्वीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखल होते, असं कबूल करून आले. कारण मनस्वीनं मला बजावून ठेवलंय, 'आई, तुला परत काही झालं तर मी लग्न थांबवीन.' ती थांबवेल. नोकरी सोडणारी पोर आहे ती, वहिनी. माझ्या दुखण्यानं तिचं एवढंही न्यावं, हे मला सोसायचं नाही.

बाकी सगळं ठीक. पत्रिका सोबत आहे. भावोजींना नमस्कार, निकेशला आशीर्वाद. हळदीला दोन दिवस आधी या, भांडण मग सावकाश पुढं चालवू.

तुमची,
वेणू

ता. क. खरं काम राहिलंच. हळदीत मी लंगडले, की सगळ्यांच्या आधी तुम्ही बोला, अगदी तशाच मोठ्यानं, की पोरीच्या लग्नातसुद्धा हिचं नाटक सुटत नाय. तुम्ही बोललात की बायका हसतील, आणि मनस्वी माझ्या पायाकडं न बघता तुमच्यावर चिडेल. इतकी वर्षं ते ऐकून मी जळले. पण मला काही झालेलं नाही असं छातीठोक सांगणाऱ्या जगात तुम्ही एकट्याच होतात, आणि तुमचंच खरं निघावं म्हणून मी देवीला किती वेळा हात जोडलेत ते तुम्हाला ठाऊक नाही.

ता. क. दुसरा. मांडवाच्या दारात नवरदेवाला ओवाळायचं मलाच आहे, ते मी कुणाला देणार नाही. पण डाव्या हाताचा भरवसा नाही. तेव्हा माझ्याजवळ उभ्या राहा, तोंडानं काय हवं ते बोला, आणि हात तेवढा तबकाखाली धरा.