शेजारच्या शिटाखालचा पत्रा

चाकूर,
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

माझ्या गुणाच्या सत्यमला आजीचा पोटभर आशीर्वाद. तिकडं बेंगळुरात जेवणखाण नीट हाय ना? इकडं आम्ही समदे बरे आहोत.

पत्र बघून घाबरू नको. कुणाला काई झालं न्हाई. फोन हाय की घरात, पण मला कमी ऐकू येतं म्हणून तुझी आई स्पीकर लावती, अन् मग मी काय बोलले ते समद्या गल्लीला कळतं. चौथीपोतर शिकले तेवढ्यावर लिहून राहिले. अक्षर वाकडं आलं तर हासू नको.

खुशखबर आधी. गाय व्याली. कालवड झाली, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. लई नाचती. तुझे बाबा वैरण टाकायला गेले की त्यांचं धोतर ओढती, अन् ते रागावायचे सोडून तिच्यासंगं बोलत बसतेत. तूर बी यंदा शेंगांनी वाकलीया. येळवशीला, अमावस्येच्या रानातल्या जेवणाला, तू येशील तव्हा भज्जीला हिरव्या दाण्याची कमी न्हाई, आंबील मीच लावणार. शेजारची शिवकन्या आता मोबाईलवर बघून केक करती. परवा आणून दिला. खालून करपलेला, आतून कच्चा. मी म्हणलं, "लई झ्याक झालाय गं!" आता दर आठवड्याला आणून देणार म्हणती. माझ्या जिभेचं हे असंच हाय, खरं बोलायची येळ आली की भलतंच बोलती.

आता तू गोठ्यात ठेवून गेलास त्या दोन शिटांच्या लाल गाडीचं.

गोठ्याच्या पत्र्याला भोक पडलं होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. तीन पावसाळे पाणी गाडीवर ठिबकत राहिलं. शनवारी लातूरहून तो डेंटिंगवाला मन्मथ आला. गाडीखाली पाठीवर निजला, बॅटरी लावली, अन् खालूनच ओरडला, "दयानंदराव, गाडीला फोडणी कुणी दिली हो?"

तुझे बाबा म्हणले, "फोडणी?"

"करडईचं तेल चोपडलंय की गंजावर! त्याला भुसा चिकटलाय, धूळ चिकटली, मुंग्या बी हायेत. आता निस्ती मोहरी टाकायची राहिली."

समदे पोट धरून हासले. तुझी आई तेवढी हासली न्हाई. तेलाची किटली एवढ्या लवकर कामून सरती म्हणून ती आठवडाभर डोकं खाजवत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून तुरीच्या शेंगा सोलत बसले. सोललेले दाणे फोलपटात टाकले अन् फोलपटं दाण्यात, तरी मान वर केली न्हाई.

मन्मथ म्हणला, चालवणाऱ्याच्या बाजूला वरवरचा गंज हाय, घासून रंग दिला की झालं. पण शेजारच्या शिटाखालचा पत्रा पार गेलाय. बोटानं दाबलं तर बोट आरपार. "एकट्यालाच चालवायची असेल तर ते शीट काढून टाका, वरून फळी ठोका. दोघं बसणार असतील तर मातर समदं कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागंल."

बाबा म्हणले, "दोघं कोण बसायलंय? पोरगं लगीन करीना."

मग रयवारी तुझा फोन आला. फोन ताटलीत उभा केला होता, भवती समदे बसलेले. तू म्हणलास, "आजी, गाडीचं काय करायचं ते तू सांग. तू म्हणशील तसं करू." एवढ्या लोकांत माझ्यावर कशाला टाकलंस रे? समदे माझ्या तोंडाकडं बघून राहिले. मी म्हणले, "द्या भंगारात. गंजल्या लोखंडाला काय कवटाळायचं."

बाबा म्हणले, "बघा, माय कशी शहाण्यावानी बोलली." तुझ्या आईनं माझ्या चहात चमचाभर साखर जास्त घातली. मी तो चहा प्याले. गोड लागला न्हाई. तू येळवशीला आलास की कागदावर सही करणार अन् भंगारवाला गाडी नेणार, असं ठरलं.

लेकरा, तेल मीच लावलं. लोखंडी तव्याला गंज चढला की राखेनं घासायचं अन् तेलाचं बोट फिरवून ठेवायचं, माझ्या मायनं शिकवलेलं. मला वाटलं, गाडी बी लोखंडच की. दुपारी समदे रानात गेले की मी जायचे, पालथी पडून हात पुरंल तिथवर चोपडायचे. उठताना मातर गाडीलाच धरून उठावं लागायचं.

अन् तेल लावून झालं की आत बसायचे. दार लावून. कुणी आलं तर सांगायला म्हणून हातात झाडू धरायचे.

तुला आठवतं, तू मला कंधारला नेलतंस, माझ्या माहेरी? मी म्हणले, मी मागं बसते. तू हासलास, "आजी, ह्या गाडीला मागं शीटच न्हाई." म्हणून मी म्होरं बसले. लगीन होऊन ह्या घरी आले ती बैलगाडीत मागं, भांड्याकुंड्यात. तुझ्या आजोबांनी जीप घेतली, तर ते म्होरं, दीर म्होरं, मी मागं पोत्यावर. ट्रॅक्टर आला तर ट्रॉलीत. रस्ता मला जन्मभर निस्ता लांब जाताना दिसलाय. तो समोरून येताना कसा दिसतो, ते त्या दिवशी कळलं. बाभळी अशा पळत भेटायला येत होत्या! अहमदपूरच्या म्होरं तू डोक्यावरचा टप काढलास, पदर उडाला, अन् मी एवढ्यानं हासले की रस्त्यावरच्या शेळ्या बुजल्या.

कंधारला उतरले तर कस्तुराबाई वहिनी दारातच. समद्या आळीला ऐकू जाईल असं म्हणली, "अगं बया! तुळजाबाई, ह्या वयात नवरी होऊन आलात व्हय? नवरदेव कुठं ठेवला?" बाया हासल्या. मी बी हासले. पण आतून असं झालं की जमिनीनं पोटात घ्यावं. दुसऱ्या दिवशी कंबर दुखती म्हणून मी एस्टीनं परत आले, अन् तुला वाटलं गाडी मला मानवली न्हाई. कंबरेला काईच झालं नव्हतं, लेकरा.

कपाळ मोकळं असलेली म्हातारी बाई मी. तुळजापूरला जायची हौस असती तर चारचौघांत सांगितली असती, लोकांनी हात जोडले असते. ही हौस कुणाला सांगू? म्हणून तुला चोरून लिहिते. गाडी दुरुस्त कर. अन् घरी सांग, तुझ्याच मनात आलं म्हणून. माझं नाव घेऊ नको.

शुक्रवार

काल पाकीट चिकटवायचं राहून गेलं, बरं झालं. आज दुपारी मी पुन्हा गेले होते. परत आले तर तुझी आई रानातून लवकर आलेली. माझ्या लुगड्यावर ह्येऽ मोठा तेलाचा डाग.

"आत्याबाई, मन्मथ बोलला तरी आज पुन्हा?"

"हाव."

"गाडी तर भंगारात चालली ना?"

मला वाटलं, आता काय बी सांगावं, दिव्यात तेल घालताना सांडलं म्हणावं. पण निघालं तोंडातून, "मला न्हाई घालायची भंगारात. मला तिच्यात बसायचंय."

मी लुगड्याचा डाग मुठीत धरून उभी. कान असे तापले की वाटलं भाकर भाजून निघंल. मग तुझी आई म्हणली, "लगीन होऊन इतकी वर्षं झाली, मला तरी कोण म्होरं बसवतंय? तुम्ही तर रयवारी गाडीचं भंगारच करून टाकलं! तोंड उघडायला काय झालतं?"

ती रागावली होती, सत्यम. खरंच रागावली होती. माझ्यावर. मी एकटीचीच लाज झाकत बसले, तिच्या मनात काय हाय ते कधी इचारलंच न्हाई. हे मला काल लिहिलेल्या समद्या लाजेपेक्षा जास्त लागलं.

तिनं जेवताना तुझ्या बाबांना सांगितलं. ते म्हणले, "दोघी येड्या झाल्यात," अन् आणखी एक भाकर मागून घेतली. म्हंजे न्हाई म्हणले न्हाईत.

तर वर जे लिहिलं ना, माझं नाव घेऊ नको, ते सोडून दे. मन्मथला फोन कर अन् सांग, आजी म्हणती पत्रा काप अन् नवा बसव. रंग न्हाई दिला तरी चालंल. फळी ठोकायची न्हाई.

तू आलास की आधी तुझ्या आईला बसव, असं लिहावं वाटत होतं, तेच शोभलं असतं. पण पहिली मी बसणार. तिच्याआधी. हे लिहिताना लाजून मरून राहिले, तरी खोडत न्हाई.

तुझी आजी,
तुळजाबाई