पाठमोरी बाई

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

फोन बंद करून ठेवलाय, म्हणून पत्र. तुला वाचायचा कंटाळा आहे हे ठाऊक आहे. तरी शेवटपर्यंत वाच.

शाळेच्या मागच्या दारानं पेटी घेऊन जाणाऱ्या पाठमोऱ्या बाईचा व्हिडिओ तू पुढे पाठवलास. वर लिहिलंस, मतं चोरताना पकडली. ती बाई मी आहे रे. शाळेतल्या मतदान केंद्रावर माझी ड्यूटी होती. पुढच्या फाटकाशी गर्दी, म्हणून मागून निघाले. पेटीत कोरे फॉर्म, सील करायची लाख आणि मेणबत्त्या होत्या. मतं केव्हाच पोलिसांच्या गाडीतून गेली होती.

तेव्हापासून फोनवर नुसत्या शिव्या. काल वर्गाच्या खिडकीतून दगड आला, तिसरीतल्या मुलीच्या कपाळाला दोन टाके पडले. मुख्याध्यापकांनी मला घरी बसवलंय. तुझ्या ग्रुपवर चार हजार माणसं आहेत. त्यांना एवढंच सांग, की ही माझी सख्खी बहीण आहे. हात जोडते.

जेवत जा वेळेवर.

तुझी
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी ग्रुपवर सगळं लिहिलं. तासाभरात मी विकला गेलो असं ठरवून त्यांनी मला काढून टाकलं. व्हिडिओ आता कुठे कुठे गेलाय, माझ्या हातात काही उरलं नाही.

एक कबूल करतो. तू मला ओळखू आली होतीस. डावा खांदा पाडून असं कोण चालतं? लहानपणी रोज तुझ्या मागूनच शाळेत जायचो. तरी पाठवलं. छापखाना बंद पडल्यापासून सकाळी माझी विचारपूस करणारी तीच माणसं होती. आपली मतं चोरतात म्हणून आपली ही गत, असं ती म्हणायची, आणि मला बरं वाटायचं. पाठवल्यावर पाच मिनिटांत सहाशे जणांनी शाबासकी दिली, ताई.

रागावू नकोस, पण एकदाच सांग. पेटीत खरंच तेवढंच होतं ना?

तुझा
धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

विचारलंस ना शेवटी. पुन्हा सांगणार नाही.

चौकशीत मी निर्दोष ठरले. तो कागद शाळेच्या सूचनाफलकावर लावलाय, त्यावर कुणीतरी थुंकलंय. आरडाओरडा थांबेना, म्हणून काल फेरमतदान घेतलं. मीही रांगेत उभी राहिले. पुढे माझी जुनी विद्यार्थिनी होती, कडेवर मूल. मला वाटलं, ओळख दाखवायला वळतेय. तिनं फोन वर धरला आणि माझा चेहरा टिपला. मागून टाळ्या पडल्या. टेबलापाशी बसलेली तरुण शिक्षिका माझ्याकडे बघत होती, तिनं घाईनं ओढणी तोंडावर ओढून घेतली. मी रांग सोडली. मत न देता घरी आले.

वाटेत वाटून गेलं, आत खरंच कुणी मोजतं का आपली मतं? बावीस वर्षं मी स्वतः मोजलीत, धाकट्या. या हातांनी. तरी वाटलं.

माया आहेच, ती जात नाही. पण इतक्यात येऊ नकोस.

ताई